सोमवारी आडवी झालेली शाळा

भुंकणाऱ्या माणसाला आधी चहा पाजावा, हे मला खात्याच्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. ते मी बाबारावांमुळे शिकले.

मी आरोग्य खात्यात सिस्टर होते. लोकांच्या तोंडी शिष्टर. आता निवृत्त आहे आणि हिंगोलीत घराच्या ओट्यावर बसून, कोणी न विचारता, येणाऱ्या-जाणाऱ्याला साखर कमी खायचा सल्ला देत असते. नोकरी सगळी औंढा तालुक्यात गेली, शिरड शहापूरपासून सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत. बाहेरच्यांना वाटतं, सिस्टर म्हणजे सुई. खरं तर सुई हे दोन मिनिटांचं काम. बाकी दिवसभर घाबरलेल्या माणसाला खाली बसवायचं, पाणी द्यायचं आणि तो काय सांगतो ते ऐकायचं, हीच नोकरी. एकटा माणूस घाबरला तर हे जमतं. अख्खं गाव एकदम घाबरलं की मात्र सिस्टरलाच कोणीतरी पाणी द्यावं लागतं.

तर बाबाराव. त्यांच्या गावात सप्ताह झाला आणि काल्याच्या पंगतीला सगळ्यांनी ताकाची कढी भुरके मारून प्याली. ताक ज्या म्हशीचं, ती दोन दिवसांनी तोंडाला फेस येऊन मेली. कोणीतरी म्हणालं, तिला म्हणे कुत्रं चावलं होतं. झालं! गाव ट्रॅक्टर भरभरून आमच्या दवाखान्यात. ज्यानं कढी प्याली तो पुढे, ज्यानं तिसऱ्यांदा मागून घेतली तो सगळ्यात पुढे. उकळलेल्या कढीनं काही होत नाही, असं मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगत होते. तेवढ्यात रांगेत बाबाराव भुंकले. अगदी व्यवस्थित, दोनदा. रांग फुटली. त्यांच्या मागचा माणूसही गुरगुरायला लागला.

मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी बाबारावांना खुर्चीवर बसवलं आणि शिपायाकडून चहा मागवला. त्यांनी बशीत ओतून फुर्रफुर्र करत संपवला. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पिसाळलेल्या माणसाला पाण्याचा घोट उतरत नाही, बाबाराव. तुमी तर बशी चाटून राहिलात."

त्यांनी बशीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "बिस्कुट न्हाई का?"

भुंकणं थांबलं. म्हशीनं युरियाच्या पोत्यात तोंड घातलं होतं, हे नंतर कळलं. आजही बाबाराव भेटले की आपण भुंकलो ते कबूल करत नाहीत, खोकला होता म्हणतात.

पण मला सांगायचंय ते सोमवारचं. त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक अजून मला लग्नाच्या पत्रिका पाठवतात.

शाळेतल्या पोरींना रक्तवाढीची निळी गोळी देतात, लोहाची. आमच्याकडे तिचा वार सोमवार. दुपारची खिचडी किंवा घरचा डबा खाल्ल्यावर घ्यायची, रिकाम्या पोटी नाही, नाहीतर मळमळतं. सगळ्या शाळांना हे माहीत असतं. पण श्रावण आला की सोमवारी शाळा अर्ध्या दिवसाची. दुपारी खिचडी शिजत नाही, डबेही येत नाहीत. औंढ्याचा नागनाथ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पोरीच काय, शाळेची घंटासुद्धा उपास धरते म्हणायची. मुख्याध्यापक कदम सर कामाचे पक्के. सोमवारची गोळी सोमवारीच गेली पाहिजे, म्हणून त्यांनी प्रार्थना झाल्याबरोबर गोळ्या वाटल्या.

दहावीच्या वर्गातली निकिता पहिल्या तासाला पडली. तिच्या बाकावरची शबाना किंचाळली आणि तीही पडली. मग मागचा बाक. मग शेजारचा वर्ग. कोणीतरी ओरडलं, "गोळीत इख हाय!" आणि शाळेच्या भिंतीपलीकडे ज्या बाया सोयाबीन खुरपत होत्या, त्या खुरपी टाकून धावत आल्या.

मी स्कूटीवरून पोचले तेव्हा व्हरांड्यात पोरी ओळीनं आडव्या होत्या. हात थंड, दातखीळ, कोणाचा श्वास भात्यासारखा. प्रत्येकीच्या उशाला आई, पायथ्याशी मावशी, आणि नाकाशी कांदा. ज्यांना कांदा मिळाला नाही त्यांच्या नाकाशी चप्पल होती.

इथे आमच्याकडचा एक रिवाज सांगायला हवा. आजारी माणसाच्या समाचाराला जावंच लागतं. न जाणाऱ्याला दहा वर्षांनीही ऐकवतात, "आमच्या म्हातारीच्या वक्ताला तुमी आलता का?" त्यामुळे अख्खं गाव बिस्किटाचे पुडे घेऊन व्हरांड्यात आलेलं. आलेली प्रत्येक बाई पोरीच्या उशाशी बसून मोठ्यानं विचारायची, "कसं झालं गं माय?" पोरगी सांगायची, आधी डोळ्यापुढं अंधारी आली, मग हातापायात मुंग्या आल्या. सांगता सांगता तिला पुन्हा अंधारी यायची. शेजारची ऐकत असायची, तिला मुंग्या यायच्या. बाई डोळे पुसून पुढच्या पोरीकडे. प्रेमानंच चाललं होतं सगळं, पण प्रत्येक समाचारामागे एक पोरगी नव्यानं पडत होती.

आमचे डॉक्टर नवे होते. सांगलीकडचे, हुशार, मिशी नुकतीच ठेवलेली. त्यांनी सगळ्या पोरी तपासल्या आणि कदम सरांना आणि मला ऑफिसात बोलावून हळू आवाजात म्हणाले, "विषबाधा नाही. मास हिस्टेरिया आहे."

सरांनी अर्थ विचारला. डॉक्टरांना पुस्तकं पाठ. ते म्हणाले, हिस्टेरिया हा जुन्या ग्रीकांचा शब्द, त्यांच्या भाषेतल्या गर्भाशयाच्या नावावरून आलेला. त्या लोकांना वाटे, बाईचं गर्भाशय अंगात भटकतं, छातीत चढतं, गळ्यात येतं, आणि मग ती अशी पडते. मग ते नाकाशी घाणेरडा वास धरायचे, म्हणजे त्या वासाला कंटाळून ते मुकाट खाली जाईल. मी व्हरांड्यातल्या चपलांकडे पाहिलं. ग्रीक लोक आमच्या गावाला कधी येऊन गेले देव जाणे. डॉक्टर पुढे म्हणाले, मास म्हणजे समुदाय, पण मुळात कणकेचा गोळा. हे मला फार आवडलं. पीठ सुटं असेपर्यंत कण न् कण वेगळा असतो, पण एकदा मळला की एका बाजूला बोट दाबा, सगळा गोळा हलतो. आपल्याकडे याला सामूहिक उन्माद म्हणतात, ते जरा मोर्चासारखं वाटतं. गावात साधं म्हणतात, वारं आलं.

"म्हणजे," कदम सरांच्या चेहऱ्यावर तजेला आला, "शाळेचा दोष न्हाई. बायकांच्या जातीचा आजार हाय."

"तसं जुने लोक समजायचे," डॉक्टर म्हणाले, पण सरांनी पुढचं ऐकलंच नाही. ते लगबगीनं बाहेर गेले, पायरीवर उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "पालकहो, घाबरण्याचं काहीच कारण..." आणि खांबाला धरून हळूहळू खाली बसले. मग आडवे झाले. पीटीच्या सरांनी क्षणाचाही विचार न करता स्वतःचा बूट काढून त्यांच्या नाकाला लावला.

मी डॉक्टरांच्या कानाशी गेले. "साहेब, सरांचं कुठवर चढलं असंल?"

पोरगा भला होता. आधी लाल झाला, मग हसू दाबता दाबता खोकला, आणि मग त्यानं डॉक्टरानं करायचं ते केलं. सरांची साखर तपासली. तळाला गेली होती.

"सर, सकाळपासून काय खाल्लंत?"

"निरंकार हाय आज," सर डोळे मिटून म्हणाले. निरंकार म्हणजे पाण्याशिवाय पोटात काही नाही.

"आणि गोळी?"

"पोरींना भरवसा यावा म्हून पहिली म्याच घेतली."

डॉक्टर तसेच उठून निकिताकडे गेले. तिचंही तेच. उपास, रिकामं पोट, वर लोहाची गोळी. उरलेल्या पोरींपैकी निम्म्या उपासाच्या, निम्म्या नाहीत. शबानाला मी विचारलं, "तुझा कशाचा उपास?"

"कशाचाच न्हाई जी. म्या तर अंडा-पाव खाऊन आले."

"मग पडलीस काहून?"

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, की एवढी साधी गोष्टही मला कळू नये का. "निकिता पडली ना!"

हे नाटक नव्हतं, एवढं वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. तिचे हात खरंच बर्फासारखे होते. भीती अंगातून दिसते, ती ठरवून आणता येत नाही. काही जणी भुकेनं पडल्या आणि बाकीच्या त्यांच्या काळजीनं.

साखरपाणी दिल्यावर निकिता उठून बसली. सगळं तिथेच मिटलं असतं, पण तेवढ्यात धुरपताबाई आल्या. धुरपताबाईंच्या अंगात यायचं. वाराला यायचं, अमावस्येला यायचं, आणि गर्दी असली की हटकून यायचं. त्यांनी केस सोडले, घुमल्या आणि सांगितलं, की या पोरीनं सिद्धेश्वरच्या धरणावर मोकळ्या केसांनी फोटो काढला, तिथून हे तिच्यासोबत आलं. "हिला शाळेभाईर काढा, बाकीच्या आपोआप बऱ्या व्हतील."

फोटो खरा होता. गावातल्या निम्म्या मोबाइलांवर तो होता. लोकांना पटलं, कारण पहिली पडली ती निकिताच. शबानाच्या आईनं मशिदीतून दुवा पढलेलं पाणी आणलं होतं, ते सगळ्या पोरींना पाजलं, सगळ्या आयांनी हात जोडून घेतलं. पण निकिताची पाळी आली तसा पाण्याचा पेला तिला वगळून पुढे गेला.

तिचे वडील गजानन. सोयाबीन आणि थोडी तूर असलेला, कमी बोलणारा माणूस. चारचौघांत खाली मान घालून उभा होता. म्हणाला, "शिष्टर, हिला सेनगावला मामाकडं धाडतो. इथं ठेवली तर कोणी जवळ बसू देनार न्हाई."

सेनगावला मामाकडे म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मामीच्या हाताखाली स्वयंपाक, मग वर्षभरात एखादं स्थळ. बाधेची पोरगी म्हणून जे पहिलं येईल ते. माझ्या नोकरीत अशी पहिली पडलेली पोर पुन्हा शाळेच्या बाकावर बसलेली मी पाहिली नव्हती. बाकीच्या बऱ्या होतात आणि हिचं नाव मागे उरतं.

निकिता हे ऐकत होती. तिनं डोळे पुसले आणि मला विचारलं, "शिष्टर, म्या पडले म्हून माही शाळा बंद. कदम सर बी पडले की. त्यांना कोणी काढून राहिलं का?"

सरांना बीपी झालं, असं गावानं केव्हाच ठरवलं होतं. पुरुष पडला की बीपी, पोरगी पडली की बाधा, आणि डॉक्टरांच्या पुस्तकात गर्भाशय. मला इतका राग आला की चप्पल कोणाच्या नाकाशी धरावी ते कळेना.

मी गजाननला म्हणाले, "भाऊ, एक सोमवार द्या मला. फक्त येणारा. त्या दिवशी एक पोरगी जरी पडली, तर खुशाल घेऊन जा."

त्यानं चपलेनं माती उकरली. "बराबर. पण पडली तर त्याच पावली नेईन."

मंगळवारी पुन्हा पोरी पडल्या. गोळी नव्हती, उपास नव्हता, पण समाचार चालूच होता. आता नातेवाईक परगावाहून जीपनं येत होते. येऊ नका म्हणणं म्हणजे भांडण. मग बुधवारी मी शाळेच्या फाटकात टेबल मांडलं. बोट टोचून रक्त तपासायचं सामान ठेवलं आणि शेजारी, कारण नसताना, सगळ्यात जाड सुई. जो येईल त्याला मी प्रेमानं म्हणायची, "या, या. आतमधी लागण हाय ना, म्हून भेटायला येणाऱ्याचं आधी रक्त बघतो. कमी भरलं तर कमरेत इंजेक्शन."

"म्या तर हिकून चाललो व्हतो," असं म्हणून माणसं वळायला लागली. बिस्किटाचे पुडे मात्र टेबलावर ठेवून गेली, रिवाज तो रिवाज. धुरपताबाई घुमतच आल्या. मी उठून नमस्कार केला. "देवीचं रक्त तपासायला मिळतंय, आमचं भाग्यच. डावा हात देता का उजवा?"

देवी निघून गेली. धुरपताबाई म्हणाल्या, "दूध उतू जाईल घरी," आणि त्याही गेल्या. त्या आठवड्यात मी जेवढी लोकं रक्ताच्या भीतीनं बरी केली, तेवढी औषधानं कधी केली नसतील.

व्हरांडा ओस पडला. उशाशी कोणी विचारणारं नाही म्हटल्यावर पोरींना कंटाळा आला, कंटाळ्यानं भूक लागली, आणि शुक्रवारपर्यंत एकेक करत त्या वर्गात जाऊन बसल्या. फक्त निकिताच्या बाकावर कोणी बसेना. शबानालासुद्धा तिच्या आईनं मागच्या ओळीत बसवली होती.

डॉक्टरांनी सरांना सांगून ठेवलं, सोमवारी अर्धी सुट्टी असू द्या, पण शाळेत साबुदाण्याची खिचडी करा, ती खाऊनच गोळी. सरांना शंका. "उपासाला गोळी चालती का, शिष्टर?"

"त्यात काय हाय? लोखंड."

"मंग?"

"साबुदाणा कशात करता? लोखंडाच्याच कढईत ना!"

सरांचं समाधान झालं.

सोमवार आला. फाटकाच्या आत एकाही पालकाला घेतलं नाही. पोरी हॉलमध्ये रांगेनं बसल्या, पुढ्यात खिचडी. निकिता पहिल्या रांगेत एकटी, दोन्ही बाजूंना जागा सोडलेली. तिनं खिचडी संपवली, ताटली पुसून घेतली, गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्याली.

मग सगळी शाळा तिच्याकडे बघायला लागली. कोणी घास चावेना. कदम सर दाराला धरून उभे, डॉक्टरांच्या हातात ग्लुकोजचा डबा. निकिता समोरच्या फळ्याकडे पाहत होती आणि तिचे कान लाल झाले होते. ती पडली नाही. पण मागच्या ओळीतून आवाज आला, "शिष्टर... मला गरगरून राहिलं."

शबाना. उभी राहिली होती, आणि हलत होती.

एक पडली की दुसरी, दुसरी पडली की हॉल, आणि मग सेनगाव. मी पाऊल उचललं, पण माझ्याआधी निकितानं मान वळवली. तिनं शबानाकडे पाहिलं, तिच्या ताटलीकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाली, "तुही खिचडी तशीच हाय की! आधी खाय, मंग पड."

मग कुणाच्या तरी नाकातून हसू फुटलं. मग शेजारणीच्या. शबाना आधी रडकुंडीला आली, मग तिलाच हसू आवरेना, ती मटकन खाली बसली आणि हसता हसता खिचडी खायला लागली. हॉल हसायला लागला. पोट धरून, एकमेकींच्या मांडीवर पडून. कदम सर तर दाराला टेकून हमसून हमसून हसत होते. मी आणि डॉक्टर एकमेकांकडे पाहत होतो, यातलं कुठलं पडणं चांगलं आणि कुठलं वाईट, ते ठरेना. डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "सिस्टर, हेही तेच आहे बरं का. लागण." म्हटलं, असू दे. हिला औषध द्यायचं नाही.

गदारोळ बाहेर गेला असणार, म्हणून मी फाटकाशी आले. गजानन मोटारसायकल लावून उभा होता. टाकीवर कपड्यांची पिशवी बांधलेली. तोंड पांढरं पडलेलं.

"पुन्हा सुरू झालं का, शिष्टर? लेकरं रडून राहिली."

"रडत न्हाईत, भाऊ. हसून राहिल्या."

त्याचा विश्वास बसला नाही. "माही निकिता?"

"कान देऊन ऐका. सगळ्यात वरचा आवाज तिचाच हाय."

तो ऐकत राहिला. बापाला लेकीचं हसू ओळखू येतं, पण त्याला थोडा वेळ लागला. घरात ती एवढ्या मोठ्यानं कधी हसली नसावी. मग त्यानं रुमालानं तोंड पुसलं, मान खाली घातली, गाडीला किक मारली आणि चाक गावाकडे वळवलं.

"शिष्टर," तो म्हणाला, "म्या पिशवी घेऊन आलतो म्हून तिला सांगू नका."

"न्हाई सांगत," मी म्हणाले. पिशवीतून तिच्या ओढणीचं टोक बाहेर लोंबत होतं, चाकात गेलं असतं. मी हाक मारून थांबवलं. त्यानं खाली वाकून ते टोक हळूच आत खोचलं, वरून पिशवीवर हात ठेवला आणि एका हातानं गाडी चालवत घरी गेला.